उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलीकडून रोज तीन तास व्हायोलिन वाजवून घेतलं, तर जूनपर्यंत भूप राग नीट वाजेल का?

तीन तासांचं आधी सांगून टाकतो: नको. दहा वर्षांच्या, दीड वर्ष शिकलेल्या मुलीला सकाळी चाळीस मिनिटं आणि संध्याकाळी अर्धा तास पुष्कळ झाला. पण तुम्ही लिहिलंय की 'मीटर (ट्यूनर) लावून फिंगरबोर्डवर (बोटं टेकवायच्या पट्टीवर) अचूक टेप चिकटवल्यात, तरी भूप लागत नाही'. त्या 'तरी' वरून हे लिहायला बसलो. 'तरी' नव्हे हो, 'म्हणून'.

गेल्या सुट्टीत वडगावचा एक बारा वर्षांचा मुलगा शिकायला यायचा. व्हायोलिन पूर्ण मापाचं, सा पांढरी दोनचा (हार्मोनियमच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा), तारा जाडीकडून प-सा-प-सा. वडिलांनी मोबाईलच्या ट्यूनरवर हिरवा दिवा लागेल तिथे पांढऱ्या टेपचे चार तुकडे लावलेले, काम अगदी सफाईचं. पोरानं अख्खा एप्रिल घासला. भूप वाजवायला सांगितला तर रे ठीक, पंचम ठीक, गांधार मात्र दर वेळी चढा. विचारलं तर म्हणे, "सर, बोट टेपवरच आहे की." टेपवरच होतं, तीच अडचण होती.

मोबाईलचा ट्यूनर सप्तकाचे बारा सारखे भाग करतो, हार्मोनियमसारखे. तंबोऱ्यातून जो स्वयंभू (तारांच्या नादातून आपोआप उमटणारा) गांधार ऐकू येतो तो त्या हिशेबात बसत नाही, तो उतरा असतो. पूर्ण मापाच्या व्हायोलिनवर घोडीपासून (तारा ज्यावर टेकतात त्या उभ्या लाकडी तुकड्यापासून) खुंट्यांजवळच्या आडव्या पट्टीपर्यंत तार साधारण 330 मिलिमीटर असते. सा च्या तारेवर तंबोऱ्याचा गांधार त्या पट्टीपासून 66 मिलिमीटरवर येतो, ट्यूनरचा 68 वर. दोनच मिलिमीटर, बोटाचं टोक त्याहून जाड. पण तंबोरा चालू असला की त्या दोन मिलिमीटरांनी आवाजात लाट उठते, घरातल्या आजीलाही कळतं की काहीतरी बिनसलंय. धैवताचंही असंच होतं, फक्त भूपात कान आधी गांधारावर अडतो.

टेप काढली. सावकाश सोलायची आणि उरलेला चिकटा कोरड्या सुती कापडानं चोळून काढायचा. स्पिरिट लावू नका, थेंब खालच्या लाकडावर पडला तर पॉलिश जातं. पहिले चार दिवस पोरगं रडकुंडीला आलं, कारण डोळ्यांचा आधार गेला. मग रोज एवढंच: तंबोरा लावून (मिरजेचा घरात असेल तर भाग्य, नाहीतर मोबाईलवरचा चालतो) पाच मिनिटं सा ची मोकळी तार पूर्ण गजानं (वाजवायची केसांची काठी टोकापासून टोकापर्यंत ओढून). नंतर डोळे मिटून दुसरं बोट गांधाराच्या किंचित खाली टेकवायचं आणि हळू वर सरकवायचं. लाट थांबली की थांबायचं. हात उचलायचा, पुन्हा पहिल्यापासून. असं वीस वेळा. खालूनच यायचं, वरून उतरत आलं की बोट जुन्या सवयीच्या जागी अडकतं.

षड्जाची, म्हणजे सा ची, परीक्षा तर वाद्यच घेतं. मधल्या प च्या तारेवर तिसऱ्या बोटानं तार सा लावा आणि शेजारच्या सर्वांत बारीक मोकळ्या तारेवर कागदाचा चिमुकला तुकडा दुमडून ठेवा. सा नेमका लागला आणि गज भरून ओढला की कागद थरथरतो, कधी उडून पडतो. मुलांना हा खेळ वाटतो, कंटाळत नाहीत. तीन आठवड्यांत त्या मुलाचा गांधार बहुतेक वेळा पहिल्या टेकीला लागू लागला.

वडिलांचा मुद्दा होता की सतारीला पडदे चालतात, मग व्हायोलिनला टेप का नको. अहो, सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, रागाप्रमाणे सरकवतात, वर तार ओढून मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं) काढतात. तुमची टेप सरकते का? व्हायोलिनवादक पं. डी. के. दातारांचं वादन ऐका. गायकी अंग (गळ्यातून गातात तसं वाजवणं) म्हणतात ते दोन स्वरांच्या मधल्या वाटेवर असतं, आणि त्या वाटेवर टेप कुठे लावणार? हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं. पटलं नाही. धाकट्या मुलीच्या व्हायोलिनवर परत टेप लावलीय असं कानावर आलंय.

आता वाजवताना येणारी खरखर. ती बोटांची नव्हे, गजाची. गज हळू आणि दाब जास्त, किंवा गज घोडीला समांतर न राहता तिरका जातोय. आरशासमोर बसवा. मेट्रोनोम 60 वर ठेवून मोकळ्या तारेवर एका गजाला आठ मात्रा, घोडी आणि फिंगरबोर्डचं टोक यांच्या मधोमध, रोज दहा मिनिटं. रोझिनचे (गजाच्या केसांना लावायच्या राळेचे) तीन-चार हात पुरे. तारांखाली पांढरी भुकटी साचत असेल तर जास्त होतंय, आणि तीही खरखरते. गज इतकाच ताणा की मध्यावर काठी आणि केस यांत पेन्सिल मावेल. वाजवून झालं की सैल करायचा. एप्रिलच्या कोरड्या हवेत केस आखडतात, ताणलेला गज ठेवून दिलात तर काठी वाकडी होते.

आपल्याकडे खुंट्यांचाही हंगाम असतो. एप्रिलमध्ये लाकूड सुकून खुंटी घसरते. खडूची पूड किंचित लावा आणि पिळताना आत दाबत पिळा. वळीव पडला की तीच खुंटी फुगून बसते, तेव्हा पक्कड लावू नका, कोरड्या खोलीत दोन दिवस राहू द्या. तारा बदलायच्या तर एकेक. चारही एकदम काढल्या की घोडी पडते आणि आतला साउंडपोस्टही (घोडीखालची आतली लाकडी दांडी) पडू शकतो, तो बसवणं घरचं काम नव्हे. फाईन ट्यूनरचा (तारेच्या घोडीकडच्या टोकाला बारीक सूर मिळवायच्या स्क्रूचा) स्क्रू तळाला गेला असेल तर सैल करून खुंटीनं तार चढवा, नाहीतर खालचा दांडा लाकडात घुसतो. मींडीसाठी बोटाला खोबरेल लावायला कुणी सांगेल. लावतात, पण पुसट, आणि गजाच्या केसांना तेल लागलं की केसच बदलावे लागतात.

जूनचं म्हणाल तर कर्नाटकातल्या शाळा मेच्या अखेरीस उघडतात, तुमच्या हातात सात आठवडे आहेत (पलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगडच्या पोरांना जूनच्या मध्यापर्यंत मिळतात). तेवढ्यात भूपाचे आरोह-अवरोह, चार-पाच पलटे (स्वरांचे ठरावीक फेरे) आणि त्रितालातली एक मध्यलय गत (तालात बांधलेली रचना) सुरात येईल. ताना नकोत.

माझं म्हणणं हिंदुस्थानी वादनापुरतं आहे. पाश्चात्त्य ग्रेडची परीक्षा द्यायची असेल तर तिथले शिक्षक टेप लावतात, तिथला हिशेब वेगळा. अगदी नवख्या सहा-सात वर्षांच्या मुलाला पहिले दोन महिने पहिल्या बोटाखाली एक टेप मीही चालवून घेतो. आणि तुमच्या मुलीचं व्हायोलिन पाऊण मापाचं असेल तर 66 च्या जागी साधारण 62 येईल. हा आकडा वाचून टेप 62 वर सरकवू नका म्हणजे झालं.