‘पॅनिक’ हा शब्द कुठून आला आणि त्याचा नेमका अर्थ काय?

‘पॅनिक’ हा शब्द ग्रीकांच्या पॅन या देवाच्या नावावरून आला आहे. शिंगे आणि बोकडाचे पाय असलेला हा मेंढपाळांचा देव ग्रीसमधल्या आर्केडिया या प्रदेशाच्या डोंगररानांत वावरतो, आणि निर्जन जागी कळप अकारण उधळला किंवा शत्रू जवळ नसतानाही रात्री सैन्याच्या छावणीत गोंधळ माजला, तर ती त्याचीच करणी, असे ग्रीक मानत. अशा भीतीला त्यांनी ‘पॅनिकोस’, म्हणजे ‘पॅनसंबंधी’, हे विशेषण लावले. ते पुढे फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेले. कारण न दिसणे आणि पाहता पाहता सर्वांना व्यापणे, ही दोन्ही लक्षणे या शब्दात मुळापासून आहेत. म्हणूनच १९०७ साली अमेरिकेत ठेवी काढण्यासाठी लोकांची झुंबड उडाली, तेव्हा त्या संकटालाही हेच नाव मिळाले. मराठीत ‘भीती’पेक्षा ‘घबराट’ हा शब्द मला त्याच्या अधिक जवळचा वाटतो, कारण घबराट ‘पसरली’ असेच आपण सहजपणे म्हणतो.