रिकाम्या धरणाचं भाडं

प्रश्न : मामा, आमचं रान कल्लोळच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठच्या मळीत. २०१९ च्या पुरात मोटार, पाइप, पेटी सगळं गेलं. २०२१ ला आधीच वर ओढलं म्हणून वाचलं. आणि एप्रिल आला की त्याच नदीत डबकी, मग बंगळूरहून मुंबईला पाण्यासाठी पत्रं. दोन राज्यांची ही तऱ्हा, तर नदी दोन देशांतून वाहते तिथं काय करतात?
– एक ऊस उत्पादक, ता. चिक्कोडी

उत्तर : तुमच्या पत्रानं चुलतभाऊ आठवला. पावसाळ्यात रेडिओला कान लावून बसायचा आणि कोयनेचं नाव निघालं की बैल घेऊन मोटार ओढायला पळायचा. आता मोबाइलवर आकडे येतात : राजापूर बंधाऱ्यावरून इतके क्युसेक (म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट), दूधगंगेतून इतके, कल्लोळजवळ एकूण इतके. आपल्याकडं शाळकरी पोरंही ही बेरीज करतात. ही काही लहान गोष्ट नाही. मेकाँग नदीसाठी लाओस, थायलंड, कंबोडिया आणि व्हिएतनाम यांनी १९९५ ला करार करून आयोग नेमला, पण वरच्या अंगाचा चीन त्यात सदस्य नाही. त्याच्याकडून बारमाही आकडे मिळायचं ठरायला २०२० उजाडलं.

आपलं घोडं अडतं ते पुढं. पूर अडवायचा तर जुलैत धरणात मोकळी जागा पाहिजे. उन्हाळ्यात पाणी पाहिजे तर तेच धरण काठोकाठ भरलेलं पाहिजे. खालच्यासाठी वरच्यानं जागा केली आणि ऑगस्टात पावसानं दगा दिला, तर तोटा कुणाचा? वरच्याचा. मग तो कशाला ऐकतोय!

कॅनडा आणि अमेरिकेनं कोलंबिया नदीवर हा हिशेब रोखठोक केला. १९६१ ला सह्या, १९६४ पासून अंमल. कॅनडानं वर तीन धरणं बांधून पुरासाठी जागा राखली. साठ वर्षांच्या त्या राखणीचे अमेरिकेनं सुमारे ६.४ कोटी डॉलर मोजले, शिवाय खालच्या वीजघरांत त्या पाण्यानं जी जादा वीज निघेल तिच्यातला निम्मा वाटा कॅनडाला. रिकाम्या जागेचं भाडंच म्हणा की. (त्या धरणांपायी दोन हजारांवर माणसं उठली, नदीकाठच्या आदिवासींना तर कुणी विचारलंही नाही. कोयनेच्या धरणग्रस्तांना हे नव्यानं सांगायला नको.)

आफ्रिकेत सेनेगल नदीवरचं मनंताली धरण मालीच्या हद्दीत आहे, पण मालकी माली, सेनेगल आणि मॉरिटानिया या तिघांची. वीज ५२, ३३ आणि १५ टक्के अशी वाटलेली. निपाणीकरांना हे लगेच समजेल, कारण काळम्मावाडीचं धरण महाराष्ट्रात असूनही त्यात कर्नाटकाचा वाटा आहेच.

कृष्णेचं काय? बच्छावत लवादानं महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्रला ८०० टीएमसी असे वाटे लावले. पण वाटा वर्षाचा. जुलैतल्या जागेचं मोल त्यात कुठं धरलेलं नाही, आणि एप्रिलचं जादा पाणी म्हणजे उसनवारी. जतच्या बाजूनं मागणी आहे ती मला पटते : कोयनेचं पाणी घ्या, बदल्यात कर्नाटकाच्या तुबची-बबलेश्वर योजनेतून आमच्या कोरड्या गावांना द्या. माझं म्हणणं एवढंच, की त्याच कागदावर पावसाळ्यातली जागाही लिहा, आणि जागा राखून धरण भरलं नाही तर भरपाई कुणी द्यायची तेही. नाहीतर एप्रिलमध्ये गोड बोलायचं आणि ऑगस्टात एकमेकांच्या दरवाजांकडं बोट दाखवायचं, हे चालूच राहणार.

प्रश्न : पेपरात टीएमसी, टीएमसी वाचतो. म्हणजे नेमकं किती पाणी?
– एक विद्यार्थिनी, अथणी

उत्तर : शंभर कोटी घनफूट, बाळ. एप्रिलच्या पत्रांतून दोन-तीन टीएमसी मागतात. नदी लाखभर क्युसेकनं वाहत असली की जवळजवळ तेवढं पाणी आठ तासांत पुढं जातं. साखर कारखान्याच्या एका पाळीत.