टॅक्स-फ्री वीकेंडची वाट बघू का? फ्रिज, एसी, वॉशरबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आलीत, सेल्स टॅक्स (दुकानात किमतीवर लागणारा कर) माफ असतो त्या दिवसांत घरातली मोठी खरेदी उरकावी का. अमेरिकेत हे प्रत्येक राज्याचं वेगळं प्रकरण आहे, टेक्ससातल्या मैत्रिणीने सांगितलेलं मेरीलँडात चालत नाही, म्हणून प्रश्न राज्यासकट छापतोय.

प्रश्न : नमस्कार ताई. आमचा फ्रिज पंधरा वर्षांचा झालाय, चालतोय पण रात्रभर घरघर करतो. मेमोरियल डेला टॅक्स नसतो म्हणून आमचे हे म्हणतात तेव्हाच घेऊ. मी एक फ्रेंच डोअर (वर दोन दारं, खाली फ्रीझर) बघून ठेवलाय, २,०४९ डॉलरचा, एनर्जी स्टार आहे त्याच्यावर, म्हणजे झालं ना काम? आणि जुना गराजमध्ये ठेवायचा विचार आहे, पाहुणे आले की कोल्ड्रिंक वगैरे ठेवायला. (वाचक, प्लॅनो, टेक्सस)

उत्तर : यांचं बरोबर आहे, पण अर्धंच. टेक्ससात मेमोरियल डेचा सोमवार आणि त्याच्या आधीचे शनिवार-रविवार असे तीन दिवस, एनर्जी स्टारचा, म्हणजे वीज कमी लागते असं सांगणारा, निळा शिक्का असलेल्या ठरावीक वस्तूंवर सेल्स टॅक्स लागत नाही. राज्याचा ६.२५ टक्के आणि गावाचा, काउंटीचा वगैरे धरून जास्तीत जास्त ८.२५, तो सगळा माफ. पण फ्रिजला २,००० डॉलरची मर्यादा आहे आणि तुमचा आहे २,०४९ चा. बऱ्याच जणांना वाटतं की वरच्या ४९ डॉलरवर तेवढा टॅक्स बसेल, तसं नाहीये, मर्यादा ओलांडली की अख्ख्या किमतीवर बसतो, ८.२५ ने धरलं तर १६९ डॉलर. आणि यातली खरी मेख डिलिव्हरीत आहे. टेक्ससात डिलिव्हरीचा खर्च किमतीतच धरतात, त्यामुळे समजा १,९८० चा फ्रिज घेतला आणि दुकानाने डिलिव्हरीचे ५९ लावले तर झाले २,०३९, गेली सूट. म्हणून काउंटरवर पहिला प्रश्न हाच विचारायचा की बाबा, डिलिव्हरी फुकट आहे की लावणार. दुकानाने स्वतः भाव उतरवून दिला तर उतरलेला भाव धरतात, पण खरेदीनंतर फॉर्म भरून मिळणारा रिबेट धरत नाहीत, तो मिळून तुम्हाला फ्रिज १,९०० ला पडला तरी टॅक्सच्या हिशोबात तो २,०४९ चाच राहतो.

आता दुसरं, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं. निळा शिक्का दिसला म्हणजे झालं असं समजू नका. फ्रिजच्या दारावर किंवा आत एक पिवळं लेबल असतं, एनर्जीगाइड. ते सरकारी सक्तीचं आहे, निळ्या शिक्क्यासारखं ऐच्छिक नाही. त्यावर मधोमध मोठ्या अक्षरात वर्षाला किती डॉलरची वीज लागेल तो आकडा, आणि त्याच्या खाली वर्षाची युनिटं, म्हणजे किलोवॉट-अवर. डॉलरच्या आकड्याकडे फार बघू नका, तो देशभराच्या सरासरी दराने काढलेला असतो, तुम्ही युनिटं घ्या आणि तुमच्या बिलातल्या दराने गुणा.

असं का म्हणते, तर निळा शिक्का फ्रिजला त्याच्याच जातीच्या फ्रिजांशी तोलून मिळतो. मोठा फ्रेंच डोअर, दारातून बर्फ-पाणी देणारा, त्यालाही शिक्का मिळतो आणि वर फ्रीझर असलेल्या साध्या फ्रिजलाही मिळतो. पण पहिला वर्षाला साधारण ७०० युनिटं घेतो आणि दुसरा ४०० च्या आसपास. युनिटला १५ सेंट धरले तर वर्षाला ४५ डॉलरचा फरक, बारा वर्षांत ५४०. इकडे १,८०० च्या फ्रिजवर टॅक्स वाचून वाचून वाचणार १४८ डॉलर. फ्रेंच डोअर घेऊ नका असं नाही म्हणत हं, वाकून वाकून भाजी काढायचा कंटाळा मलाही आहे, पण निदान दारातला बर्फ लागतोच का ते घरात एकदा विचारा, कारण त्या बर्फाच्या यंत्राने युनिटंही वाढतात आणि बिघडतंही पहिलं तेच.

आणि तो गराजमधला बेत, तो मात्र सोडा. प्लॅनोच्या उन्हाळ्यात बंद गराज केवढं तापतं ते तुम्हाला मी सांगायला नको, तिथे फ्रिज थांबतच नाही. म्हणजे नवीन फ्रिज कमी विजेचा म्हणून आणायचा आणि जुना आणखी जास्त वीज खात चालू ठेवायचा, बिल कमी कसं होणार? खात्री पटत नसेल तर प्लगमध्ये लावायचं छोटं वीजमीटर मिळतं, आठवडाभर जुन्या फ्रिजला लावा आणि यांना आकडा दाखवा. पाहुण्यांच्या कोल्ड्रिंकला बर्फ घातलेला कूलर चालतो. दुकानवाले नवीन आणताना जुना घेऊन जातात, कधी फुकट, कधी थोडे पैसे घेऊन, ऑर्डर देतानाच त्यावर खूण करा.

प्रश्न : आमच्या घराचा सेंट्रल एसी १८ वर्षांचा आहे, गेल्या उन्हाळ्यात गॅस भरून घेतला, आता परत थंड करत नाहीये. काँट्रॅक्टर हीट पंप घ्या म्हणतोय, सगळं मिळून ११,००० चं कोटेशन. मेच्या शेवटपर्यंत थांबलो तर टॅक्स वाचेल का? (वाचक, केटी, टेक्सस)

उत्तर : नाही वाचणार, त्यामुळे त्यासाठी थांबू नका. टेक्ससच्या यादीत एसी आहे, ६,००० डॉलरपर्यंतचा, पण हीट पंप सरळ वगळलाय. आता हीट पंप म्हणजे थंडही करणारा आणि गरमही करणारा एसीच की, तो का वगळला ते यादी करणाऱ्यालाच ठाऊक, पण वगळलाय खरा. शिवाय काँट्रॅक्टर जेव्हा मशीन, मजुरी, डक्टचं (घरभर हवा नेणाऱ्या नळ्यांचं) काम असा सगळ्याचा एकच आकडा देतो तेव्हा टॅक्स तुमच्या बिलात वेगळा दिसतच नाही, मग माफी कशाची मागणार? कोटेशन फोड करून मागा, मशीन किती, काम किती. टॅक्ससाठी नाही तरी दोन काँट्रॅक्टरांची तुलना करायला ते लागतंच.

तुमच्या एसीच्या वयावरून त्यात थंड करणारा गॅस बहुतेक जुना आर-२२ असणार. अमेरिकेत तो नव्याने बनवणं आणि आयात करणं १ जानेवारी २०२० पासून बंद आहे, जो मिळतो तो साठ्यातला किंवा जुन्या मशीनमधून काढून साफ केलेला, म्हणून महाग. गळकं मशीन दरवर्षी भरत बसण्यात काही अर्थ नाही. नवीन घेताना एसईईआर-२ चा आकडा बघा, तेवढ्याच विजेत मशीन किती थंड करतं ते तो सांगतो, जितका जास्त तितकं चांगलं, २०२३ पासून ही नवी मोजणी आलीय, जुन्या एसईईआरशी ती तशीच्या तशी ताडून बघू नका. आणि काँट्रॅक्टरला डक्ट तपासायला लावा, कारण साध्या घरात डक्टमधली २० ते ३० टक्के हवा भोकांतून आणि सैल सांध्यांतून वाया जाते असं एनर्जी स्टारवालेच सांगतात. मशीन कितीही भारी आणलं तरी ती थंड हवा माळ्यावर सोडून दिली तर काय उपयोग.

प्रश्न : मेरीलँडमध्ये पण असा वीकेंड असतो असं ऐकलं, त्यात वॉशर-ड्रायर दोन्ही येतात का? माझी व्हर्जिनियातली नणंद म्हणते ड्रायर येत नाही. (वाचक, जर्मनटाऊन, मेरीलँड)

उत्तर : तुम्ही दोघी आपापल्या जागी बरोबर. मेरीलँडचा वीकेंड फेब्रुवारीत असतो, प्रेसिडेंट्स डेचा सोमवार आणि आधीचे दोन दिवस. तिथे यादी मोठी आहे, वॉशर, ड्रायर, फ्रिज, एसी, हीट पंप, फर्नेस, डीह्युमिडिफायर, एलईडी दिवे, प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅट, आणि किमतीला मर्यादा नाही. एनर्जी स्टार हवं एवढंच. टॅक्स ६ टक्के, म्हणजे २,००० च्या जोडीवर १२० डॉलर वाचले.

नणंदेकडे व्हर्जिनियात ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारपासून रविवारपर्यंत, तिथे वॉशर आहे पण ड्रायर यादीत नाही (टेक्ससातही नाही). प्रत्येक वस्तू २,५०० पर्यंतची हवी, ही मर्यादा वस्तूला आहे, बिलाला नाही, त्यामुळे २,४०० चा फ्रिज आणि १,१०० चा वॉशर एकाच बिलावर घेतले तरी दोन्ही माफ. त्याच तीन दिवसांत मुलांच्या शाळेचं सामान आणि कपड्यांवरचाही टॅक्स माफ असतो म्हणून दुकानांत जत्रा असते, फ्रिज बघायला आदल्या आठवड्यातच जाऊन यावं, मॉडेल नंबर लिहून ठेवावा आणि त्या दिवशी ऑनलाइन ऑर्डर करून मोकळं व्हावं. फक्त पैसे त्या तीन दिवसांत भरलेले हवेत.

ड्रायर घेताना हीट पंपवालाही बघा, साध्या इलेक्ट्रिक ड्रायरपेक्षा वीज बरीच कमी लागते आणि भिंतीतून बाहेर पाइप काढावा लागत नाही. पण कपडे वाळायला वेळ जास्त लागतो, रविवारी चार लोड एका दमात उरकणाऱ्या घराला तो कदाचित चिडवेल. वॉशरची जास्तीत जास्त वीज पाणी गरम करण्यात जाते, तेव्हा रोजचे कपडे गार पाण्यात धुतलेत तर शिक्का असो-नसो बिल उतरतं. आणि तुमच्या वीज कंपनीच्या वेबसाइटवर रिबेट बघून ठेवा, तो टॅक्स माफीच्या वर मिळतो, एकाने दुसरं जात नाही. जुना चालू फ्रिज घरी येऊन घेऊन जाण्याचे कार्यक्रमही या कंपन्या चालवतात.

प्रश्न : सेल्समन म्हणाला फ्रिज घेतला की फेडरल टॅक्स क्रेडिट पण मिळेल. खरं का? (वाचक, सेंट लुईस, मिझुरी)

उत्तर : नाही. फ्रिज-वॉशर त्या क्रेडिटमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या आयकरातल्या सवलतीत, कधी नव्हतेच, ते हीट पंप, खिडक्या, इन्सुलेशन असल्या कामांना होतं, आणि तेही ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या कामांना बंद झालंय. तुमच्याकडे दर वर्षी १९ ते २५ एप्रिल अख्खा आठवडा एनर्जी स्टारवर सेल्स टॅक्सची सूट असते, वस्तूमागे १,५०० डॉलरपर्यंत. ती घ्या आणि सेल्समनला हसून सोडून द्या.

प्रश्न : आमच्या न्यू जर्सीत असं काही नाही. मित्र म्हणतो डेलावेअरला जाऊन आण, तिथे टॅक्सच नाही, दोन तासांचं काम. डिशवॉशर आणि फ्रिज दोन्ही घ्यायचेत. (वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : डेलावेअरमध्ये सेल्स टॅक्स नाही हे खरंय. पण तिथल्या दुकानातून एडिसनला डिलिव्हरी मागवलीत तर दुकान न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के लावू शकतं, माल जिथे पोचतो तिथला टॅक्स. आणि स्वतः व्हॅन घेऊन जाऊन आणलंत तर कायद्याने तेवढाच यूज टॅक्स तुम्ही न्यू जर्सीला देणं लागता, राज्याच्या आयकराच्या एनजे-१०४० फॉर्मवर त्याची ओळ आहे, आपण सगळे ती न बघता खाली जातो ते सोडा. २,००० च्या खरेदीवर १३२ डॉलर, त्यातून व्हॅनचं भाडं, टर्नपाइकचा टोल आणि फ्रिज उतरवायला पकडून आणलेल्या दोन मित्रांचं जेवण वजा करा, उरतं काय? त्यापेक्षा इथेच थँक्सगिव्हिंगच्या किंवा चार जुलैच्या सेलला घ्या, दुकानाची सूट चांगली असली की टॅक्सपेक्षा जास्त सुटते, आणि आधी आपल्या वीज कंपनीचे रिबेट बघून घ्या.

डिशवॉशरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. आपल्याकडे भांडी आधी विसळून, जवळजवळ धुऊनच आत लावायची पद्धत आहे. स्वयंपाकघराच्या नव्या नळाला मिनिटाला २.२ गॅलनची देशभराच्या कायद्याने मर्यादा आहे, आणि एनर्जी स्टार डिशवॉशर अख्खा लोड साडेतीन गॅलनच्या आत धुतो, म्हणजे दोन मिनिटं नळ सोडून विसळलंत की त्याच्यापेक्षा जास्त पाणी तिथेच गेलं, गरम असेल तर वीज-गॅसही. खरकटं चमच्याने काढायचं आणि आत ठेवायचं, बस. करपलेली कढई तेवढी हाताने घासा. आणि लेबल बघताना डिशवॉशरच्या आवाजाचा डेसिबलचा आकडाही बघा, तुमचं किचन आणि हॉल एकच असेल तर ४५ च्या आसपासचा घ्या, नाहीतर रात्री टीव्हीचा आवाज वाढवत बसाल.