दहा हजार डॉलर, दोन फासे आणि घराचं डाउन पेमेंट

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३६, नवरा-बायको दोघंही नोकरीत, एक मुलगी. घराच्या डाउन पेमेंटसाठी लाख डॉलर हवेत, ९०,००० साठलेत. उन्हाळ्यात पुण्याहून मेहुणे येणार आहेत, तेव्हा अटलांटिक सिटीला जायचा बेत आहे. ते लिहितात : ‘मला क्रॅप्स, म्हणजे कॅसिनोतला दोन फाशांचा खेळ, शिकायचंय. कॅसिनोत सगळ्यात कमी हाउस एज (दर बेटमागे कॅसिनोचा सरासरी फायदा) याच खेळाला आहे असं वाचलं. साठवलेल्यातले १०,००० बाजूला काढून, शिस्तीत लहान लहान बेट लावून त्याचे २०,००० करता येतील का? फासे नियंत्रित टाकायला शिकवणारा १,५०० डॉलरचा कोर्सही बघून ठेवलाय. बायकोशी अजून बोललो नाही.’

नमस्कार. खेळ जरूर शिका, पण ते दहा हजार आहेत तिथेच राहू द्या. तुम्ही आकड्यांत विचारलंय, तर उत्तरही आकड्यांतच देतो.

आधी मूळ बेट समजून घेऊ, कारण नवख्याला लागते ती तेवढीच. तिला पास लाइन म्हणतात. पहिली फेक म्हणजे कम-आउट. दोन फाशांची बेरीज ७ किंवा ११ आली की तुम्ही जिंकलात. २, ३ किंवा १२ आली की गेले पैसे. बाकी काहीही आलं, म्हणजे ४, ५, ६, ८, ९ किंवा १०, की तो आकडा ‘पॉइंट’ होतो. मग तो आकडा परत येईपर्यंत किंवा ७ येईपर्यंत फासे पडत राहतात. आधी पॉइंट आला तर जिंकलात, आधी ७ आला तर हरलात. दोन फाशांच्या ३६ जोड्यांपैकी ७ सहा प्रकारे पडतो, इतर कुठलाही आकडा त्याहून कमी प्रकारे. म्हणून कम-आउटला तुमच्या बाजूने असलेला सात पॉइंट ठरल्यावर तुमच्यावर उलटतो. सगळी गणितं जोडली की ४९५ डावांत सरासरी २४४ तुमचे, २५१ कॅसिनोचे. सात डावांचा हा फरक म्हणजेच १.४१ टक्के हाउस एज.

हे खरंच कमी आहे. दोन शून्यांच्या रूलेटला ५.२६ टक्के पडतात. (‘सगळ्यात कमी’ मात्र म्हणवत नाही. नियम बरे असतील आणि खेळणारा चोख असेल तर ब्लॅकजॅक याच्याही खाली जातो.)

आता तुमच्या ‘शिस्तीत, लहान लहान’ या शब्दांकडे येतो. घोटाळा तिथे आहे. दहा हजार एकाच डावात पास लाइनवर ठेवलेत तर दुप्पट होण्याची शक्यता ४९.३ टक्के. शंभर-शंभरच्या बेट लावून, दुप्पट होईपर्यंत किंवा संपेपर्यंत खेळलात तर ती साडेपाच टक्क्यांवर येते. आणि तुम्हाला जे सुरक्षित वाटतंय ते, म्हणजे १५-१५ डॉलरची सावध बेट? साधारण १५ कोटींत एक. दर डावातली ती छोटीशी उतरण हजारो वेळा उतरत गेलात की नशिबाला मध्ये यायला जागाच राहत नाही. आठवड्याला पाच तास टेबलाशी उभे राहिलात तर पैसे संपायला सरासरी सहा वर्षं लागतील. म्हणजे शिस्तीने करमणूक भरपूर लांबते, पण डाउन पेमेंटचे उरलेले दहा हजार काही येत नाहीत. आणि एका डावात सगळे ठेवा, असंही मी अर्थातच सांगत नाहीये. एसआयपीची सवय असलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. तिथे थोडं थोडं, सतत, हेच कामाला येतं, कारण उतार तुमच्या बाजूचा असतो.

टेबलाशी गेलात की कोणीतरी ‘ऑड्स’ची गोष्ट सांगेलच. पॉइंट ठरल्यावर पास लाइनच्या मागे आणखी पैसे ठेवता येतात, आणि या पैशांवर कॅसिनो काहीच कापत नाही. ४ आणि १० वर दोनास एक, ५ आणि ९ वर तीनास दोन, ६ आणि ८ वर सहास पाच, अगदी शक्यतेच्या हिशोबानेच देतात. ‘मग ही फुकटचीच बेट की,’ असं वाटतं. १५ डॉलरच्या टेबलावर तासाला साधारण तीस डाव होतात. नुसत्या पास लाइनवर तासाचा सरासरी तोटा सव्वासहा डॉलर, आणि वर-खाली होणं बहुतेक ८० डॉलरच्या आसपास. पॉइंटप्रमाणे तिप्पट, चौपट, पाचपट ऑड्स लावलेत तर सरासरी तोटा तेवढाच राहतो, पण हेलकावे ४०० डॉलरवर जातात. हाउस एजची टक्केवारी घटते ती फक्त टेबलावरचा पैसा वाढल्यामुळे. तुम्ही दहा हजारांचा विचार करताय म्हणून ही टक्केवारी तुम्हाला जास्तच गोड लागेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

टेबलाच्या मधल्या भागात, स्टिकमन (काठीने फासे सरकवणारा कॅसिनोचा माणूस) ओरडून ओरडून ज्यांची आठवण करून देतो त्या बेटकडे बघूही नका. एनी सेव्हनवर (पुढच्याच फेकीत ७) १६.६७ टक्के जातात, हार्ड फोरवर (दोन्ही फाशांवर २) ११.११.

कोर्सबद्दल. फासे चौकोनी, धारदार कडांचे असतात आणि ते समोरच्या भिंतीला लागलेच पाहिजेत. त्या भिंतीवर रबराचे छोटे पिरॅमिड बसवलेले असतात, ते नेमके तुम्ही हाताने दिलेली दिशा मोडायलाच. पत्रात पुढे तुम्ही २००९ मधल्या एका बाईंच्या विक्रमी डावाचं उदाहरण दिलंय. खरंय, अटलांटिक सिटीतल्या बोर्गाटा कॅसिनोत त्यांनी सेव्हन-आउट न होता (म्हणजे पॉइंट ठरल्यावर ७ न पडता) १५४ वेळा फासे टाकले, चार तास अठरा मिनिटं. पण त्या काही या खेळात मुरलेल्या नव्हत्या. अशा डावाची शक्यता ५६० कोटींत एकाच्या आसपास आहे, आणि जगभर इतके फासे पडत असतात की कधीतरी कुणाच्या तरी हातून ते व्हायचंच. १,५०० डॉलर देऊन ते शिकता येत नाही.

कराचा मुद्दा पत्रात नाहीच, म्हणून थोडं जास्त लिहितो. क्रॅप्सच्या टेबलावर साधारणपणे डब्ल्यू-२जी, म्हणजे जुगारातल्या जिंकण्याची नोंद करणारा कराचा फॉर्म, हातात पडत नाही, पण जिंकलेली रक्कम करपात्र असतेच. हरलेली रक्कम फेडरल रिटर्नमध्ये वजा करायची तर आयटमाइझ करावं लागतं, म्हणजे ठरावीक स्टँडर्ड डिडक्शनऐवजी एकेक वजावट मांडावी लागते. तुमचं घर अजून झालेलं नाही, मॉर्गेजचं व्याज नाही, त्यामुळे तुम्ही बहुधा स्टँडर्ड डिडक्शनच घेत असणार. म्हणजे मार्चमध्ये ४,००० जिंकून जूनमध्ये ४,००० हरलात तर खिशात शून्य आणि रिटर्नमध्ये ४,००० चं उत्पन्न. आयटमाइझ करणाऱ्यांनाही २०२६ पासून तोट्याचे ९० टक्केच, तेही जिंकलेल्या रकमेपर्यंतच, वजा करता येतात. न्यू जर्सीच्या रिटर्नमध्ये त्याच वर्षातला तोटा जिंकण्यातून वळता करू देतात, तेवढा दिलासा. खेळलात तर तारीख, टेबल, आत नेलेले आणि बाहेर आणलेले पैसे वहीत लिहाच.

मेहुण्यांचं गणित निराळं. परदेशी पाहुण्याच्या क्रॅप्समधल्या जिंकण्यावर अमेरिका कर लावत नाही, स्लॉट मशीनच्या जॅकपॉटमधून मात्र ३० टक्के कापले जातात. भारतात परतल्यावर तिथला ३० टक्के कर वर सेससह आहेच, आणि हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत.

माझ्या मते दोघांच्या पगारातून, करमणुकीच्या खात्यातून, या सहलीचे ३०० डॉलर काढा, रोख. टोल, पार्किंग, जेवण वेगळं. क्रेडिट कार्डावर कॅश उचलू नका. त्याला फी लागते आणि व्याज त्याच दिवशी सुरू होतं. कॅसिनोने देऊ केलेली उधारी, ज्याला मार्कर म्हणतात, तीही नको. फुकट खोली मिळाली तर घ्या, पण ती तुमची बेट, तुमचे तास आणि हाउस एज यांचा गुणाकार करूनच देतात, एवढं ध्यानात असू द्या. ३०० संपल्यावर आणखी काढावेसे वाटले, किंवा गेलेले भरून काढायला परत जावंसं वाटलं, तर १-८००-गॅम्बलर या हेल्पलाइनला फोन करा.

आणि आज रात्रीच बायकोशी बोला. ते ९०,००० दोघांचे आहेत. ‘बायकोशी अजून बोललो नाही’, तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली ओळ हीच, हाउस एजच्या आधी.

शिकण्यासाठी मुलीच्या सापशिडीतला एक फासा आणि ल्युडोतला एक घ्या, स्वयंपाकघरातल्या टेबलावर भिंतीला लागतील असे टाका, राजमा किंवा वाल चिप्स म्हणून वापरा. दोन-तीन संध्याकाळींत पॉइंट आणि ऑड्स अंगवळणी पडतात. मेहुण्यांना एवढं मात्र आधीच सांगून ठेवा : नोटा डीलरच्या हातात द्यायच्या नाहीत, टेबलावर ठेवायच्या, आणि फासे एकाच हाताने उचलायचे. दोन्ही तळव्यांत खुळखुळवून फुंकर मारली की लगेच टोकतात.