डॉब्झान्स्की यांची रानातली माशी

प्रश्न : उत्क्रांतीला लक्षावधी वर्षे लागतात, असे आम्ही शाळेत शिकलो. मग जनुकशास्त्रज्ञ थिओडोसियस डॉब्झान्स्की यांनी एका हयातीत, तेही फळमाशीच्या आधारे, उत्क्रांतीबद्दल नेमके काय दाखवले? (एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण)

उत्तर : आधी एक खुलासा. आपले बागायतदार आंब्यात अळ्या पाडणाऱ्या ज्या कीटकाला फळमाशी म्हणतात, तो हा नव्हे. ड्रोसोफिला म्हणजे पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारी बारीक चिलटे, आणि डॉब्झान्स्की यांनी निवडली ती त्यांची पश्चिम अमेरिकेच्या रानात राहणारी बहीण, ड्रोसोफिला स्यूडोऑब्स्क्युरा.

ते १९०० साली आजच्या युक्रेनमधील नेमिरिव्ह गावी जन्मले. लहानपणी फुलपाखरे गोळा करण्याचा नाद होता आणि विद्यार्थिदशेत त्यांनी मावा खाणाऱ्या ठिपकेदार ढालकिड्यांचा अभ्यास केला. १९२७ च्या अखेरीस ते न्यूयॉर्कला फळमाशीवर आनुवंशिकतेचे प्रयोग करणाऱ्या टी. एच. मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्याबरोबर कॅलिफोर्नियात पासाडेनाला गेले. मॉर्गन यांच्या मंडळींना बाटलीतली माशी तळहातासारखी ठाऊक होती. रानात एकाच जातीचे कीटक एकमेकांपासून किती वेगळे असतात, हे डॉब्झान्स्की यांनी ढालकिड्यांत पाहिले होते. माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचे मूळ या जोडणीत आहे.

ते झाडाखाली आंबवलेल्या केळ्याचे आमिष ठेवून माश्या पकडत. प्रयोगशाळेत त्यांच्या संततीतील अळीच्या लाळग्रंथी सुईने सोडवायच्या, रंगद्रव्याच्या थेंबात ठेवायच्या आणि वरची काच अंगठ्याने दाबायची, की सूक्ष्मदर्शकाखाली आडव्या पट्ट्यांची जाडजूड गुणसूत्रे पसरलेली दिसतात. तिसऱ्या गुणसूत्राचा एखादा तुकडा काही माश्यांत उलटा बसलेला असतो. आईकडून एक व बापाकडून दुसरी मांडणी आली, तर जोडी जुळवताना तेथे वेटोळे पडते, म्हणून हा फरक डोळ्यांनी ओळखता येतो आणि मोजताही येतो. उलट्या तुकड्यातील जनुकांची सरळ तुकड्याशी अदलाबदल जवळजवळ होत नसल्याने तो जनुकांचा संच पिढ्यान्‌पिढ्या एकत्र जातो.

या मांडण्यांना जगण्यामरण्याच्या दृष्टीने महत्त्व नसावे, असे सुरुवातीला त्यांनाही वाटत होते. मात्र कॅलिफोर्नियातल्या सान जासिंटो डोंगरातील पिन्योन फ्लॅट येथे महिन्यामागून महिना माश्या मोजल्यावर दिसले, की ‘स्टँडर्ड’ या मांडणीचे प्रमाण मार्चमध्ये निम्म्याच्या आसपास असे आणि जूनपर्यंत सुमारे ३० टक्क्यांवर येई, ‘चिरिकाहुआ’ मांडणीचे त्याच काळात वाढे, आणि उन्हाळा सरताना पारडे पुन्हा फिरे. वर्षात माश्यांच्या अनेक पिढ्या होतात, तेव्हा हा बदल वारशातला, म्हणजे उत्क्रांतीचाच होता आणि दरवर्षी त्याच दिशेने होत असल्याने योगायोगावर सोडता येत नव्हता. १९४३ मध्ये त्यांनी ही आकडेवारी मांडली आणि आपले आधीचे मत बदलले. एवढ्या नामवंत शास्त्रज्ञाने स्वतःच्याच मोजणीपुढे मान तुकवावी, याचे मला त्यांच्या कीर्तीपेक्षा अधिक कौतुक वाटते.

पुढे सूएल राइट या गणिती जनुकशास्त्रज्ञाच्या मदतीने त्यांनी पिंजऱ्यांत माश्यांचा समुदाय वाढवून पडताळा घेतला. २५ अंश सेल्सिअसला स्टँडर्ड मांडणी वाढत गेली, पण सुमारे ७० टक्क्यांवर थांबली. दोन्ही मांडण्या एकेक असलेल्या माश्या सर्वांत सुदृढ ठरत होत्या, त्यामुळे दुसरी मांडणी नामशेष होत नव्हती. हाच प्रयोग १६.५ अंशांवर केला, तर प्रमाण हललेच नाही. नैसर्गिक निवड कोणत्या हवामानात काम करते आणि कोणत्या हवामानात स्वस्थ बसते, हे काही महिन्यांत आकड्यांनी दाखवता आले.

प्रश्न : मग त्यांनी नवी जात तयार होताना पाहिली का? (त्याच वाचक)

उत्तर : नाही. मात्र जाती वेगळ्या होण्याचा एक टप्पा त्यांनी पकडला. स्यूडोऑब्स्क्युराचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन वंश मानले जात. दिसायला सारखेच, पण त्यांच्या संकरातून जन्मलेले नर वांझ, माद्या मात्र प्रजननक्षम. १९४४ मध्ये डॉब्झान्स्की आणि त्यांचे सहकारी एपलिंग यांनी ‘ब’ वंशाला पर्सिमिलिस हे स्वतंत्र जातीचे नाव दिले.