साडेसात लाखांचं कर्ज आणि बी.ए. सायकॉलॉजी

"मॅडम, सायकॉलॉजीला स्कोप आहे का, एवढंच सांगा."

मी मुलांना करिअरबद्दल सल्ला देते. बारावीचा निकाल लागला की आठवड्यातून चारदा तरी हा प्रश्न माझ्यासमोर येऊन बसतो. सायलीचे वडील आले (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत), तेव्हा त्यांच्या हातात पुण्याच्या एका खासगी विद्यापीठाचं गुळगुळीत माहितीपत्रक होतं. फी वर्षाला अडीच लाख, अशी तीन वर्षं. कर्जाचा अर्ज भरून तयार, फक्त सही राहिलेली. वडील एसटीत कंडक्टर. साडेसात लाखांपर्यंत घर-जमीन तारण द्यावी लागत नाही, हे कुणीतरी त्यांना सांगितलं होतं आणि तेवढ्यावरच ते निम्मे निश्चिंत होते.

मी सायलीला विचारलं, "तुला नक्की काय व्हायचंय?"

"काउन्सेलर."

"म्हणजे तीन वर्षांत होईल ना?" वडील म्हणाले.

खरी गाठ इथे होती. नुसत्या बी.ए.वर काउन्सेलर होता येत नाही. शाळा-कॉलेजात, संस्थेत समुपदेशक म्हणून उभं राहायचं तर निदान एम.ए. लागतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी हवी, आणि तिथल्या जागा मोजक्या. बी.ए.नंतर लगेच मिळतात त्या नोकऱ्या एच.आर.मध्ये उमेदवार शोधण्याच्या, संस्थांच्या फील्डवर्कच्या, कॉल सेंटरच्या. वाईट नाहीत, पण त्या कुठल्याही बी.ए.ला मिळतात. माझ्याकडून गेलेल्या मुलामुलींचे पहिले पगार मी वहीत लिहून ठेवते. नुसत्या बी.ए.चे आकडे बहुतेक पंधरा ते बावीस हजारांच्या आतले आहेत.

वडिलांनी माहितीपत्रक उलटं केलं आणि खिशातलं पेन काढलं. व्याज आपण सोयीसाठी दहा टक्के धरलं. शिक्षण चालू असताना आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नसतो. पण व्याज चालू असतं, हे त्यांना कुणी बोललंच नव्हतं. पहिले अडीच लाख चार वर्षं वापरले, व्याज एक लाख. दुसरे तीन वर्षं, पंच्याहत्तर हजार. तिसरे दोन वर्षं, पन्नास. मी मोबाईल उघडेपर्यंत त्यांची बेरीज झाली होती: पावणेदहा लाख. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण १२,९०० रुपये हप्ता, एवढं मात्र मी मोबाईलवर काढून दिलं.

"आणि पगार अठरा हजार," ते म्हणाले. मग बराच वेळ कुणी बोललं नाही. सायली ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

एक गोष्ट कबूल करते. काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलीला मी म्हटलं होतं, "आवडीचं कर, पैसे मागून येतील." मागून आले ते बँकेचे फोन. तिला एम.ए. करायचं होतं, पण हप्त्यासाठी मिळेल ती नोकरी धरावी लागली. तेव्हापासून मी आवड आणि हप्ता एकाच कागदावर मांडते.

सायलीला मी सायकॉलॉजी सोडायला सांगितलं नाही. एवढंच विचारलं, की घरी कर्ज एकदाच झेपणार असेल, तर ते पहिल्या पायरीवर संपवायचं की दुसरीवर? सांगलीतल्या अनुदानित कॉलेजात हीच पदवी काही हजारांत होते. पुढे पुणे किंवा मुंबई विद्यापीठाच्या विभागात एम.ए.ला नंबर लागला तर तिथली फीही खासगीच्या मानाने किरकोळ. तेव्हा लागलंच कर्ज, तर ते वसतिगृहाचं आणि खाण्यापिण्याचं असेल.

"मग घरी बसूनच करू दे की. एक्स्टर्नल," वडील. तो दरवाजा मात्र बंद झालाय. २०२५च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवले आहेत. अजूनही कुणी तसा प्रवेश देत असेल तर पैसे भरण्याआधी दहादा विचारा.

त्यांनी आणखी दोन गोष्टी काढल्या. एक, पीएम विद्यालक्ष्मी, ही केंद्र सरकारची शैक्षणिक कर्जाची योजना. चांगली आहे, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात तीन टक्के सवलतही आहे, पण संस्था सरकारच्या यादीत असावी लागते. ही नव्हती. दुसरी, एजंटने सांगितलेली टॅक्सची सूट. ती फक्त व्याजावर आणि जुन्या करप्रणालीत. "मला टॅक्सच बसत नाही," म्हणून ते पहिल्यांदा हसले.

जाताना सायली रुसलेली होती. पुण्याचं कॅम्पस तिने मनात सजवून ठेवलं असणार, त्याचं मला वाईट वाटलं.

ती आता सांगलीत पहिल्या वर्षाला आहे. काउन्सेलर की स्पेशल एज्युकेशन, असं आता तिचं मन दोलायमान आहे. मागच्या महिन्यात तिचा मेसेज आला. स्मरणशक्तीच्या प्रात्यक्षिकात घरच्या एका माणसावर प्रयोग करायचा होता, आकडे वाचून दाखवायचे आणि त्याने त्याच क्रमाने म्हणायचे. तिने वडिलांना बसवलं. नऊ आकड्यांपर्यंत ते एकदाही चुकले नाहीत. "मॅडम, मी हे लिहिलं तर सर म्हणतील खोटं आहे," असं तिने खाली लिहिलं होतं.