वाईट दिवस आधी मांड

ठाणे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा आणि सोबतचे पत्र सावकाश वाचले. ओमान ते गुजरात समुद्राखालून वीजवाहिनी टाकली तर दोन्ही बाजूंचे किती इंधन वाचेल, याचा तू ताशी हिशेब मांडला आहेस. पत्रात तू विचारतेस की आकडे इतके स्पष्ट असताना अशा जोडण्या वर्षानुवर्षे कागदावरच का राहतात, आणि त्या तशाच राहणार असतील तर ऐरोलीच्या कार्यालयात बसून आपण हे काम करावे तरी कशासाठी. प्रश्नाचा दुसरा भाग मी बाजूला ठेवतो, कारण हे काम करण्याजोगे आहे याबद्दल तुला खरोखर शंका असती तर तू एवढा मसुदा लिहिलाच नसतास. पहिल्या भागाचे उत्तर तुझ्याच कागदांत आहे. ही जोडणी अचानक तुटली तर दोन्ही टोकांना काय होईल, याला तू अगदी शेवटच्या परिशिष्टात जेमतेम दीड पान दिले आहेस. ते दीड पान पहिले प्रकरण व्हायला हवे, आणि त्यानंतरचे प्रत्येक प्रकरण त्यातून निघायला हवे. वाईट दिवस आधी मांड. या पत्रात मी हेच पुन्हापुन्हा म्हणणार आहे आणि तू कंटाळलीस तरी थांबणार नाही.

आधी एका आकड्याबद्दल बोलतो, कारण तो मला खटकला. मस्कतचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, म्हणून गुजरातेत सूर्य मावळल्यावर ओमानकडून आपल्याला दीड तास सौर वीज मिळेल, असे तू धरले आहेस. घड्याळे सरकारे ठरवतात. सूर्य रेखांशाप्रमाणे चालतो. जामनगर सुमारे 70 अंश पूर्वेला आहे आणि मस्कत 58 अंशांच्या थोडे पुढे. अंशाला चार मिनिटे धरली तर फरक पाऊण तासाचाच होतो, आणि त्या पाऊण तासात ओमानचा सूर्यही कलतीलाच असतो. आपल्या संध्याकाळच्या शिखर मागणीला खरा आधार मिळायचा असेल तर तो तिकडच्या साठवणुकीतून किंवा गॅसवरच्या संचांतून मिळेल, आणि तोही ते संच मोकळे असतील तेव्हा. आखाताची मागणी उन्हाळ्यात शिगेला पोहोचते आणि आपलीही मे-जूनमध्येच चढते. म्हणजे ज्या आठवड्यात आपल्याला ती वीज सर्वांत जास्त हवी असेल, त्याच आठवड्यात त्यांनाही ती हवी असेल. हिवाळ्यात त्यांच्याकडे संच रिकामे असतात. खरी देवाणघेवाण तिथे आहे. तू वर्षाची सरासरी काढलीस, म्हणून हे दोन्ही ऋतू एकमेकांत मिसळून गेले. वाईट आठवडा आधी मांडला असतास तर ही गोष्ट पहिल्याच दिवशी तुझ्या नजरेस आली असती.

आता समुद्राकडे ये. ऑस्ट्रेलियाची मुख्य भूमी आणि टास्मानिया यांना जोडणारी बासलिंक ही केबल 2006 मध्ये सुरू झाली. टास्मानिया मुख्यतः जलविद्युतवर चालणारे बेट असल्यामुळे पाऊस चांगला झाला की वीज विकायची आणि दुष्काळ पडला की आणायची, असा तिचा उपयोग होता. 20 डिसेंबर 2015 रोजी केबलमध्ये समुद्राखाली बिघाड झाला. त्या वर्षी पाऊस कमी होता आणि जलाशयांतला साठा आधीच खालावलेला होता. दोष शोधणे, जहाज आणणे, केबल वर काढणे, ती जोडणे आणि पुन्हा खाली सोडणे यांत जून 2016 उजाडला. तोवर बेटावर डिझेलचे जनित्रसंच आणून उभे करावे लागले, बंद ठेवलेले गॅसवरचे वीजकेंद्र पुन्हा चालवावे लागले आणि मोठ्या कारखान्यांना मागणी कमी करावी लागली. ज्या दुष्काळात आधार व्हावा म्हणून केबल होती, त्याच दुष्काळात ती सहा महिने नव्हती. तुझ्या मसुद्यात केबलची उपलब्धता एक टक्केवारी म्हणून वर्षभर सारखी पसरवलेली आहे. समुद्रातली केबल दर आठवड्याला थोडी थोडी बिघडत नाही. ती एकदाच बिघडते आणि महिनोन्महिने जाते. सार्डिनिया आणि इटलीच्या मुख्य भूमीमधली केबल सुमारे 1600 मीटर खोल उतरते. ओमानहून सरळ येताना तुझ्या मार्गावर अरबी समुद्राची खोली तीन हजार मीटरच्या पुढे जाते. तिथली दुरुस्ती किती काळ चालेल, तेवढ्या काळात गुजरात काय करील आणि ओमान काय करील, हे लिहिल्याशिवाय बचतीचा एकही रुपया लिहू नकोस.

मी हे बोलतो तेव्हा लोकांना वाटते की मला जोडण्याच नकोत. अहवाल अडवणारा, खीळ घालणारा माणूस म्हणून माझी ओळख झाली होती. ती तुझ्याही कानावर आली असेल. त्या काळी एका कार्यालयात आंतरप्रादेशिक वाहिन्यांचा एक अहवाल तयार होत होता. बिघाडाच्या प्रसंगांवरची माझी टिपणे त्यातून वगळण्यात आली, कारण त्यांच्यामुळे मंजुरीला वेळ लागेल असे वरिष्ठांचे म्हणणे होते. मी सही करायला नकार दिला, आणि पुढची काही वर्षे माझ्या वाट्याला दुय्यम कामे आली. त्याबद्दल मला तेव्हा वाईट वाटले, आजही वाटते, पण सही न केल्याबद्दल नाही. ज्या माणसाला जोडणी टिकावी असे वाटते, त्यानेच ती तुटण्याचा विचार सर्वांत आधी करायचा असतो. मी जोडणीच्या बाजूचा होतो आणि आहे.

आपल्याच देशाचा इतिहास बघ. पश्चिम क्षेत्राचे ग्रिड, म्हणजे विजेचे जाळे, मार्च 2003 मध्ये पूर्व आणि ईशान्य ग्रिडशी एकाच वारंवारितेवर जोडले गेले. वारंवारिता म्हणजे प्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तने; मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की ती घसरते. त्याच्या आठ-नऊ महिने आधी, जुलै 2002 मध्ये, पश्चिम क्षेत्रात नवी दरपद्धती लागू झाली होती. वेळापत्रकापेक्षा जास्त वीज ओढणाऱ्याला त्या वेळच्या वारंवारितेप्रमाणे पैसे मोजावे लागू लागले आणि वारंवारिता सावरली. आधी शिस्त आली आणि मग वाहिन्या जोडल्या गेल्या. हा क्रम फार कमी लोक सांगतात. 2006 मध्ये उत्तर क्षेत्र जोडले गेले आणि 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणही जोडली गेली. मधल्या काळात 30 आणि 31 जुलै 2012 आले. दोन्ही वेळा बिना-ग्वाल्हेर ही वाहिनी ताणाखाली ट्रिप झाली, म्हणजे संरक्षण यंत्रणेने ती आपोआप तोडली. पहिल्या दिवशी उत्तर क्षेत्र अंधारात गेले, दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्यही गेले, आणि सुमारे साठ कोटी लोक ज्या भागात राहतात तो भाग विजेविना राहिला. जादा वीज ओढणे कमी करा, अशा सूचना ग्रिडचा तोल सांभाळणाऱ्या भारप्रेषण केंद्रांकडून आधीपासून जात होत्या. त्या पाळल्या गेल्या नाहीत. पश्चिम क्षेत्र वाचले, कारण त्या क्षणी ते वेगळे झाले. तुटणे हाही कधीकधी आराखड्याचा भाग असतो, हे माझ्या पिढीला त्या दिवशी शिकवावे लागले नाही. आम्ही ते नियंत्रण कक्षातल्या वारंवारितेच्या आकड्यावर समोर पाहिले.

ऑक्टोबर 2020 मध्ये मुंबईची वीज गेली तो दिवस तुला आठवत असेल. कळवा-पडघे पट्ट्यातल्या वाहिन्या एकामागून एक गेल्या, मुंबईला वेगळे करून वाचवण्याची योजना त्या दिवशी अपुरी पडली आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. घरापासून तासाभराच्या अंतरावरच्या वाहिन्यांचे हे होते, तर दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या कायद्याखालच्या वाहिनीचे काय होईल याचा विचार कर.

सीमेपलीकडे जोडणी गेली की तारेइतकाच टेलिफोन महत्त्वाचा होतो. 28 सप्टेंबर 2003 च्या पहाटे 3 वाजून 1 मिनिटाने आल्प्समधली लुकमानिए खिंडीतली स्वित्झर्लंडची वाहिनी झाडामुळे ट्रिप झाली. दहा मिनिटांनी स्विस कक्षातून इटलीला फोन गेला आणि आयात 300 मेगावॉटने कमी करण्याची विनंती झाली. इटलीने ती पुढच्या दहा मिनिटांत पाळली. कोणीही झोपलेले नव्हते, कोणी आडमुठेपणा केला नाही. पण तेवढी कपात पुरेशी नव्हती, आणि 3 वाजून 25 मिनिटांनी दुसरी वाहिनी गेली. त्यानंतर काही मिनिटांत सार्डिनिया वगळता सारी इटली अंधारात होती. त्या चोवीस मिनिटांत कोणी कोणाला काय सांगायचे, किती मेगावॉट मागायचे आणि ते मागण्याचा अधिकार कोणाचा, हे सारे आधीच कागदावर आणि लोकांच्या अंगवळणी असायला हवे होते. तीन वर्षांनी, 4 नोव्हेंबर 2006 रोजी, युरोपचे ग्रिड तीन तुकड्यांत फुटले तेव्हा जर्मनीतल्या एकाच वाहिनीच्या दोन टोकांवर संरक्षणाच्या मर्यादा वेगवेगळ्या होत्या, आणि एका टोकाच्या कक्षाला दुसऱ्या टोकाची मर्यादा ठाऊक नव्हती. दोन्ही टोके एकाच देशात होती.

तुझ्या मसुद्यात नियंत्रण कक्षातला माणूस कुठेच नाही. वाहिनी चार्ज करण्याआधी, म्हणजे तिच्यात वीज सोडण्याआधी, आपल्याकडे दोन्ही बाजू एकमेकांकडून कोड क्रमांक घेतात, नोंदवहीत वेळ आणि बोलणाऱ्याचे नाव उतरवतात, आणि पलीकडच्याने संदेश परत वाचून दाखवल्यावरच ब्रेकरला हात लावला जातो. ही पद्धत ओमानच्या कक्षाशी कोणत्या भाषेत चालेल? नोंद कोणत्या घड्याळाची धरायची? हा प्रश्न किरकोळ समजू नकोस. आपले वेळापत्रक पंधरा मिनिटांच्या 96 कप्प्यांत चालते आणि नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा नेमके पंधरा मिनिटे पुढे आहे, म्हणजे बेसावध नोंदीत प्रत्येक व्यवहार एका कप्प्याने सरकतो. पलीकडच्या देशाच्या कक्षात काही दिवस बसून त्यांच्या पाळीचे काम पाहावे, अशी माझी फार इच्छा होती. ती परवानगी मला कधी मिळाली नाही, आणि निवृत्तीनंतर उरलेल्या खंतांपैकी ती सर्वांत मोठी आहे. तुला संधी मिळाली तर एकही परिषद सोड, पण ती सोडू नकोस.

उच्चदाब एकदिश प्रवाह (एकाच दिशेने वाहणारा, म्हणून दोन्ही ग्रिडच्या वारंवारिता वेगळ्या ठेवणारा) वापरला की एका बाजूचा बिघाड दुसरीकडे जात नाही, असे तू लिहितेस. अर्धेच खरे आहे. वारंवारितेचे हेलकावे जात नाहीत, पण वीज येणे थांबते, आणि घेणारे ग्रिड लहान असेल तर तेवढे पुरते. बहरामपूर-भेडामारा या अशाच जोडणीतून भारताची वीज बांगलादेशाला 2013 पासून मिळू लागली. 1 नोव्हेंबर 2014 रोजी ती जोडणी ट्रिप झाली तेव्हा तिच्यातून साडेचारशे मेगावॉटच्या आसपास वीज जात होती, म्हणजे त्यांच्या तेव्हाच्या मागणीचा सुमारे दहावा हिस्सा. संपूर्ण देश अंधारात गेला. तांत्रिक निवड कोणतीही कर, पण घेणाऱ्याच्या सर्वांत कमी मागणीच्या तासाला ही जोडणी त्याच्या किती टक्के असेल, तो आकडा आधी काढ. जोडणीची क्षमता त्या आकड्याने ठरू दे; तू ती बचतीच्या आलेखावरून ठरवली आहेस.

वाईट दिवस आधी मांडणाऱ्यांचे काय होते, तेही सांगतो, नाहीतर तू म्हणशील की काका फक्त भीती घालतात. युक्रेनने युरोपच्या ग्रिडशी जोडून घेण्याचा करार 2017 मध्ये केला आणि नंतरची वर्षे चाचण्यांत घालवली. त्यातली एक चाचणी अशी होती की शेजाऱ्यांपासून पूर्ण तोडून घेऊन काही दिवस एकट्याने चालून दाखवायचे. ती 24 फेब्रुवारी 2022 च्या पहाटे सुरू झाली आणि काही तासांतच युद्ध सुरू झाले. परत जुन्या जोडणीकडे जाण्याचा प्रश्नच उरला नाही. एकटे चालण्याची तयारी झालेली होती म्हणून ते ग्रिड तीन आठवडे एकट्याने उभे राहिले, आणि 16 मार्चला युक्रेन आणि मोल्दोव्हा युरोपशी जोडले गेले. वर्षभराचे उरलेले काम तीन आठवड्यांत झाले असे लोक कौतुकाने सांगतात. त्यामागची पाच वर्षांची कंटाळवाणी तयारी कोणी सांगत नाही.

ग्लासगोच्या हवामान परिषदेत 2021 मध्ये देशोदेशीची ग्रिडे जोडण्याच्या ‘एक सूर्य, एक जग, एक ग्रिड’ची घोषणा झाली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. पण त्या नकाशाइतकीच मला नोव्हेंबर 2024 ची एक बातमी मोलाची वाटते: नेपाळची 40 मेगावॉट वीज भारताच्या तारांतून बांगलादेशाला पोहोचली. एवढ्याशा विजेसाठी तीन देशांनी एका करारावर सह्या केल्या. हे ऐकून तुझ्या कार्यालयातले कोणी नाक मुरडत असेल तर त्याला सांग की तीन देशांनी मिळून मोजणी, वहनाचा खर्च, थकबाकी आणि बिघाडाच्या वेळची जबाबदारी यांचा निवाडा केला, आणि तोही चूक झाली तरी सोसता येईल अशा आकारावर. नेपाळ आणि बिहार यांना जोडणारी ढल्केबर-मुझफ्फरपूर वाहिनी 400 केव्हीसाठी बांधलेली असूनही 2016 मध्ये आधी 132 वर चालवली, मग 220 वर नेली आणि त्यानंतर पूर्ण दाबावर आणली. हा उशीर होता असे म्हणणारे असतील. मी त्याला नियोजन म्हणतो.

आता काम सांगतो. बचतीची सर्व प्रकरणे बाजूला ठेव. मे महिन्यातली एक रात्र घे, केबल पूर्ण भाराने चालू धर आणि ती तोड. पहिल्या सेकंदात गुजरातची वारंवारिता कोण सावरतो, पहिल्या दहा मिनिटांत कोण कोणाला फोन करतो, पहिल्या दिवशी भारनियमन कोणत्या राज्याच्या वाट्याला येते आणि सहाव्या महिन्यात पैसे कोण भरतो, हे लिही. मग तीच रात्र ओमानच्या बाजूने लिही. जिथे उत्तर सापडणार नाही तिथे जागा कोरी सोड, कारण वाटाघाटीत विचारायचे प्रश्न तेच असतील. आणि पडघ्याचे एकदिश प्रवाहाचे स्थानक पाहण्यासाठी रीतसर अर्ज आजच कर. चंद्रपूरहून 752 किलोमीटर येणारी ती 1500 मेगावॉटची वाहिनी 1999 पासून चालू आहे, आणि तिथल्या पाळीवरच्या लोकांनी एक पोल (वाहिनीच्या स्वतंत्रपणे चालू शकणाऱ्या दोन अर्ध्या भागांपैकी एक) गेल्यावर दुसऱ्यावर चालवण्याचे प्रसंग हाताळलेले आहेत. त्यांना बचतीबद्दल काही विचारू नकोस. पोल गेला त्या वेळच्या नोंदी दाखवायला सांग.

तुझा,
काका